ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या अभियंत्यांना अनावृत पत्र

ग्राफिक्स कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सर्व अभियंत्यांस,



हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. एनव्हिडियाचे कार्यालय पुण्यात आहे, एएमडी आणि इंटेलची मोठी कार्यालये बंगळुरू आणि हैदराबादेत आहेत, आणि या सगळीकडे मराठी माणसे आहेत. आमच्या टेबलावरच्या यंत्रात जो कोड चालतो त्यातला काही तुमच्या हाताखालून जातो. तेव्हा हे गाऱ्हाणे इंग्रजीत घालून कुठल्याशा तक्रारींच्या यादीत क्रमांक लावण्यापेक्षा तुमच्याशी घरच्या भाषेत बोलावे असे वाटले.

मी कोल्हापुरात वास्तुविशारदांना इमारतींची त्रिमिती चित्रे करून देतो. काम ब्लेंडरवर, यंत्रे लिनक्सवर. ओळखीतल्या कुणाचा लिनक्सचा डेस्कटॉप काळा पडला की फोन बहुधा मलाच येतो. त्यात शिक्षक आहेत, छपाईवाले आहेत, इंजिनिअरिंगची मुले आहेत. त्यांच्या वतीने लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, पण त्यांची दुखणी माझ्यासारखीच आहेत.

तुमचे काम अवघड आहे, हे आधी मान्य करतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवे कर्नल येते, कार्डांच्या दहा-दहा वर्षांच्या पिढ्या एकाच वेळी सांभाळायच्या असतात, आणि प्रत्येक मदरबोर्डाच्या तऱ्हा निराळ्या. एएमडीजीपीयू हा आज लिनक्स कर्नलमधला सर्वांत मोठा ड्रायव्हर आहे. एवढ्या पसाऱ्यात चुका राहणारच. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस तोर्वाल्ड्स यांनी एनव्हिडियाला भर सभेत शिवी दिली आणि ती चित्रफीत अजून फिरत असते. मला त्या शिवीत रस नाही. त्यानंतर पुष्कळ बदलले. एएमडीचा नवा ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नलच्या मूळ कोडमध्ये आला, इंटेलचा तर आधीपासूनच तिथे होता, आणि मे २०२२ मध्ये एनव्हिडियानेही ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी कर्नलमधला आपला भाग खुला केला. हे सगळे तुम्ही केलेत, म्हणून तर उरलेले तुमच्यापुढे मांडण्यात अर्थ आहे.

पहिली गोष्ट सर्वांत जिव्हाळ्याची. प्रिंटरचा ड्रायव्हर कोलमडला तर पडद्यावर तसा संदेश येतो. आवाजाचा ड्रायव्हर कोलमडला तर आवाज जातो, पण काय झाले ते वाचता येते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोलमडला की वाचायची जागाच नाहीशी होते. जे बिघडले तेच बिघाड दाखवण्याचे साधन होते. म्हणून इतर कुणाहीपेक्षा तुमच्यावर जबाबदारी जास्त येते, आणि ती तुम्ही पुरती उचललेली नाही, असे मला वाटते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते सांगतो. रेंडर चालू असताना चित्र गोठते. कोपऱ्यातले घड्याळ थांबते, पण स्पीकरमधून गाणे चालूच असते. कॅप्स लॉक दाबला की कीबोर्डवरचा दिवा लागतो. म्हणजे यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र गेले आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून दुसऱ्या कन्सोलवर जाऊ पाहिले तर तेही येत नाही. मग मोबाइलवरून एसएसएचने मी त्याच यंत्रात शिरतो आणि डीमेसेजमध्ये कर्नलच्या नोंदी वाचतो. तिथे ड्रायव्हरने लिहिलेले असते की कमांडची एक रांग वेळेत पुढे सरकली नाही, म्हणून कार्ड रीसेट करत आहे. खाली रीसेट फसल्याची ओळ, आणि त्याच्याखाली पानभर हेक्साडेसिमल पत्ते. कोणत्या प्रोग्रॅमची कमांड अडकली, तापमान किती होते, वीज कमी पडली का, यातले काही नाही. पुढे काय करावे, तेही नाही.

हे मी करू शकतो, कारण एसएसएच मी आधीच चालू ठेवलेले असते. छपाईवाला काय करणार? तो पॉवरचे बटण दाबून धरतो. पुन्हा सुरू केल्यावर सारे ठीक दिसते. मागच्या बूटच्या नोंदी जर्नलसीटीएलकडे मागता येतात, पण वीज अशी तडकाफडकी तोडल्यावर शेवटच्या काही सेकंदांच्या ओळी डिस्कवर उतरलेल्या असतीलच असे नाही. नेमक्या त्याच ओळी हव्या असतात.

यावर उपाय नाही, असे म्हणू नका. विंडोजमध्ये व्हिस्टापासून अशी सोय आहे की कार्ड दोन सेकंद अडकले तर ड्रायव्हर रीसेट होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि डेस्कटॉप परत येतो. त्याला जवळजवळ वीस वर्षे झाली. लिनक्सवर कार्ड रीसेट झाले तरी कंपोझिटरला आपल्या सगळ्या खिडक्या नव्याने उभ्या करता यायला हव्यात; ती साखळी कुठे पूर्ण आहे, कुठे अर्धी, आणि अर्धी असते तिथे उघडी कामे जातात. ड्रायव्हरवाले कंपोझिटरकडे बोट दाखवतात, कंपोझिटरवाले ड्रायव्हरकडे. माझी विनंती अशी की दोघांनी एकत्र बसून हे एकदाचे पुरे करावे, आणि नव्या कार्डाच्या जाहिरातीत सांगण्यासारखी गोष्ट म्हणून त्याकडे पाहावे. लिनक्स ६.१० मध्ये, २०२४ साली, कर्नल कोसळताना पडद्यावर कारण दाखवण्याची नवी सोय आली, ६.१२ मध्ये त्यात क्यूआर कोडही आला, म्हणजे मोबाइलने टिपून नोंद जपता येते. ही सोय ज्या ड्रायव्हरने साथ दिली त्याच्यावरच चालते. प्रत्येक ड्रायव्हरने ती द्यावी. एवढ्यानेच माझ्याकडे येणारे निम्मे फोन कमी होतील.

दुसरी गोष्ट अपडेटची. कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवायचे नाहीत, ही कर्नलवाल्यांची जुनी आणि जाहीर भूमिका आहे. मूळ कोडमध्ये असलेला ड्रायव्हर त्या बदलाबरोबर बदलणाराच दुरुस्त करतो; बाहेर राहिलेला तुटतो. भूमिका मला पटते, पण तिचे बिल फाडले जाते वापरणाऱ्याच्या नावावर. बाहेरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करायला डीकेएमएस आहे. ते फसले तर अपडेटच्या शेकडो ओळींत एक चूक उमटून वर सरकून जाते, अपडेट पूर्ण झाल्याचे सांगितले जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र नव्या कर्नलवर ड्रायव्हरविना उठते. डिस्ट्रोवाल्यांना माझी विनंती आहे की मॉड्यूल तयार झाले नाही तर नवे कर्नल बूटच्या यादीत पहिले लावू नका. जुने चालते आहे, त्यालाच चालू द्या.

सिक्युअर बूट असेल तर आणखी एक पायरी वाढते. बाहेरच्या मॉड्यूलवर सही लागते, आणि ती सही यंत्राने मान्य करावी म्हणून पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत कोणतीही कळ दाबायला सांगितलेले असते आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते. यंत्र सुरू करून माणूस शेजारच्या खोलीत गेला, तर तो परत येईपर्यंत मोजणी संपलेली असते. सही घेतली गेलेली नसते, कर्नलने ड्रायव्हर नाकारलेला असतो, दुसरा मॉनिटर बंद आणि पहिल्यावर जाडजूड अक्षरे. असे का झाले, याबद्दल डेस्कटॉपवर एक अक्षर नसते. एका शिक्षिकेच्या यंत्रावर हे झाले तेव्हा कार्ड जळाले असे सांगून दुकानदाराने त्यांना नवे कार्ड विकले होते. चूक दुकानदाराची होतीच. पण सही नसल्याने ड्रायव्हर लोड झाला नाही, हे एक वाक्य लॉगिन झाल्यावर समोर आले असते, तर त्या बाईंचे पैसे वाचले असते.

खरे कारण कळत नसल्याने मग तोडगे चालतात. नोमोडसेट लावा, अमुक पॅरामीटर शून्य करा, तमुक एक करा. नोमोडसेटने चित्र येते हे खरे, पण ड्रायव्हरला बाजूला बसवून येते. कार्डाची सारी ताकद त्यात जाते. वाट काढण्यासाठी ते ठीक आहे, राहण्यासाठी नाही. कित्येक जण वर्षभर तसेच काम करत राहतात, कारण आपले दुखणे बरे झाले असे त्यांना वाटते. तुम्ही तुमच्या पॅरामीटरचे वर्णन एका ओळीत उरकता, त्याचे परिणाम सांगत नाही, म्हणून हे होते.

कार्ड बिघडले की ड्रायव्हर, हे ठरवणे तर आणखी कठीण. सगळे खापर मी तुमच्यावर फोडणार नाही. आमच्याकडे विजेचे चढउतार असतात, स्वस्तातला एसएमपीएस असतो, कॅबिनेटमध्ये धूळ असते; ड्रायव्हरचे म्हणून आलेले दुखणे अनेकदा वीजपुरवठ्याचे किंवा रॅमचे निघते. मी रात्रभर मेमटेस्ट चालवतो, कार्डाची वीजमर्यादा खाली आणून तेच रेंडर पुन्हा लावतो, मग जुन्या ड्रायव्हरवर तेच करून पाहतो. वीज कमी केल्यावर बिघाड थांबला तर संशय एसएमपीएसवर जातो, जुन्या ड्रायव्हरवर थांबला तर तुमच्यावर. ही साधी रीत आहे. एनव्हिडियाने आपल्या एक्सआयडी क्रमांकांची यादी जाहीर केली आहे, हे उपकारच म्हणायचे. पण त्यातल्या ७९ क्रमांकासमोर, म्हणजे कार्डाशी बसवरून होणारा संपर्कच तुटला अशा बिघाडासमोर, एकाहून अधिक संभाव्य कारणे आहेत. यादी वाचून माणूस होता तिथेच राहतो. वर सांगितलेली तपासणी स्वतःहून करणारे आणि शेवटी संशय कशावर आहे ते सांगणारे छोटे साधन प्रत्येक कंपनीने ड्रायव्हरबरोबर द्यावे. तुमच्या प्रयोगशाळांत अशी साधने असणारच.

ती नसल्याची किंमत कुठे मोजावी लागते? सेवा केंद्रात. वॉरंटीतले एक कार्ड घेऊन मी गेलो होतो. कंपनीचे नाव घेत नाही. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. त्याने विचारले, ‘‘विंडोजवर होतं का सर?’’ मी नोंदींचे छापील कागद पुढे केले. तो म्हणाला, ‘‘लिनक्सवरचं आम्हाला धरता येत नाही. सिस्टीममध्ये तो पर्यायच नाही.’’ त्याने खरोखरच स्क्रीन वळवून दाखवली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या रकान्यात फक्त विंडोजच्या आवृत्त्या होत्या. मग वेगळ्या डिस्कवर विंडोज टाकून तोच बिघाड तिथे घडवून दाखवण्याचे काम माझ्यावर आले. आणि तिथे तर कार्ड अडकले की दोन सेकंदांनी आपोआप सावरते, म्हणजे दोष असूनही दिसेनासा होतो. खोक्यावर लिनक्स चालते असे छापता, तर त्या रकान्यात लिनक्सही असले पाहिजे. हे काम अभियंत्याचे नाही, हे मला कळते. पण तुमच्या कंपनीत हे सांगू शकेल असा माणूस तुमच्याशिवाय कोण आहे?

बदलांच्या टिपणांबद्दल थोडक्यात सांगतो. काही प्रोग्रॅम बंद पडण्याची शक्यता असलेला दोष दूर केला, अशा वाक्याने आम्हाला काही कळत नाही. कोणती कार्डे, कोणते कर्नल, काय करताना, एवढे लिहा. अजून सुटले नाही तेही लिहा. सुटले नाही असे लिहिलेले वाचून मी जुन्या आवृत्तीवर थांबेन आणि माझ्या गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळेन.

वेलँडच्या बाबतीतही माझे म्हणणे हेच, की नवी वाट पक्की होईपर्यंत जुनी मोडू नका. एनव्हिडियाने इतरांच्या पद्धतीची, म्हणजे जीबीएमची साथ ऑक्टोबर २०२१ मध्ये ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून दिली. जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्या लुकलुकणे, टाइप करताना आधीचे अक्षर परत दिसणे, हे थांबवणारी एक्सप्लिसिट सिंकची सोय २०२४ मध्ये ५५५ बरोबर आली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीनोम ४९ ने एक्स११ चे सत्र मुळातच बंद ठेवून दिले. ज्यांचे कार्ड केपलर पिढीचे आहे त्यांची शेवटची शाखा ४७०. त्यांना जीबीएम कधी मिळालेच नाही. त्यांनी कुठे जायचे, हे कुणीच सांगितले नाही.

जुन्या कार्डांची ही गोष्टच मला सर्वांत जास्त बोचते. त्यासाठीच खरे तर हे पत्र लिहायला बसलो.

एनव्हिडियाने जाहीर केले आहे की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा. पास्कल म्हणजे २०१६ ची जीटीएक्स १०६० आणि १०५० टीआय ही कार्डे. आमच्या भागातल्या छोट्या स्टुडिओंत, क्लासेसमध्ये, मुलांच्या खोल्यांत हीच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, विंडोज ११ या यंत्रांपैकी अनेकांना घेत नाही, म्हणून ही मंडळी लिनक्सकडे वळत आहेत. ती येत असतानाच त्यांच्या कार्डाचा ड्रायव्हर गोठतो आहे. ५८० ला काही काळ दुरुस्त्या मिळतील. पण कर्नल थांबणार नाही, आणि वर सांगितलेले डीकेएमएसचे दुखणे या कार्डांना जन्माचे जडेल.

कंपनीने कधीतरी थांबावे, यात गैर नाही. मग लोकांनी स्वतः लिहिलेला नूव्हो ड्रायव्हर आहे ना, असे कुणी म्हणेल. तिथेच खरी गोम आहे. २०१४ च्या दुसऱ्या फळीतल्या मॅक्सवेल कार्डांपासून कार्डाची गती आणि वीज सांभाळणाऱ्या फर्मवेअरवर कंपनीची सही लागते, आणि त्या कामाचे सही केलेले फर्मवेअर कंपनीने नूव्होला दिले नाही. त्यामुळे नूव्होवर ही कार्डे सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहतात. चित्र दिसते, रेंडर होत नाही. २०१८ च्या ट्युरिंगपासून हे काम जीएसपी नावाच्या आतल्या प्रोसेसरकडे गेले, त्याचे फर्मवेअर कंपनीने खुलेपणाने वाटू दिले, आणि लिनक्स ६.७ पासून नूव्हो ते वापरू लागले. म्हणजे फार जुन्या कार्डांना सहीची अट नव्हती, नव्यांना फर्मवेअर मिळाले, आणि मधल्या नेमक्या त्याच पिढ्या कोरड्या राहिल्या ज्यांचा अधिकृत ड्रायव्हर आता थांबतो आहे. घर सोडून जाणाऱ्याने कुलूप लावावे आणि किल्ली कुणालाच देऊ नये, तसे हे झाले.

दुसरीकडे काय होते तेही पाहा. एएमडीच्या २०१२ सालच्या एचडी ७००० मालिकेतल्या कार्डांसाठी अगदी अलीकडेपर्यंत सुधारणा होत आल्या आहेत, आणि त्या वाल्व या गेम कंपनीच्या लिनक्स ग्राफिक्स गटातून झाल्या. एएमडीने त्यासाठी नवा पैसा घातला असेल-नसेल. कोड आणि कागदपत्रे खुली होती, एवढे पुरले. एएमडीचे ड्रायव्हर अडकत नाहीत असे नाही, रांग अडकल्याच्या तक्रारी त्यांच्याही भरपूर आहेत. पण कंपनीचे लक्ष उडाल्यावर कार्ड मरत नाही, हा फरक फार मोठा आहे.

म्हणून एनव्हिडियातल्या अभियंत्यांकडे माझे एकच मागणे आहे. दुसऱ्या फळीतल्या मॅक्सवेलपासून व्होल्टापर्यंतच्या कार्डांचे वीज आणि गती सांभाळणारे सही केलेले फर्मवेअर वाटण्याची परवानगी मिळवून द्या. नवा ड्रायव्हर लिहायला आम्ही सांगत नाही. या कार्डांत आता व्यापाराचे गुपित काय उरले असेल ते तुम्हालाच ठाऊक, पण ती दुकानात विकली जाऊन वर्षे लोटली आहेत. पुढचे काम करायला माणसे तयार आहेत.

बाकीच्या विनंत्यांसाठी तुम्ही वेळ घ्या. या एकीला मुदत आहे. ५८० ची शाखा बंद होण्याआधी हे व्हावे, आणि त्यासाठी तुमच्यापैकी कुणीतरी पुण्यातल्या बैठकीत हा विषय काढावा. उत्तर नकाराचे आले तरी ते जाहीरपणे द्या, म्हणजे लोक नव्या कार्डासाठी पैसे बाजूला ठेवू लागतील.

 

आपला,
लिनक्सवर पोट असलेला एक त्रिमिती चित्रकार
कोल्हापूर